अडीच एकर मीठफुटी रानाला घातलेले निचऱ्याचे पाइप: चार वर्षांनंतरचा अभिप्राय

२०२१ च्या मार्चमध्ये आम्ही मीठफुटीच्या, म्हणजे वर पांढरं मीठ आलेल्या, अडीच एकराला जमिनीखालून निचऱ्याचे सच्छिद्र पाइप घातले. पाइप, फिल्टर, चेंबर, जेसीबी आणि मजुरी धरून ठेकेदाराला १ लाख ७५ हजार रुपये दिले, म्हणजे एकरी ७० हजार. जिप्समचे आणि नंतर ओढा उकरायचे पैसे वेगळे गेले, त्या कामांचं पुढं सांगते. आता चार पावसाळे झाले, एक पूर्ण ऊस कारखान्याला गेला आणि खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेलं पुढचं पीक, उभा आहे. पलूस, वाळवा, मिरज भागातून लोक रान बघायला येतात आणि सगळे एकच विचारतात, "काम करून घ्यावं का?" घ्यावं. पण मी जसं घेतलं तसं घेऊ नये.

रान कृष्णेपासून मैलभर आत आहे. सातबाऱ्यावर बागायत. मी १९९६ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा या तुकड्यात एकरी ५५ टन ऊस निघायचा. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात की त्याच्या आधी इथं शाळू आणि हरभरा व्हायचा आणि सकाळी रानात गेलं की हरभऱ्याच्या आंबेनं लुगडं ओलं व्हायचं. मग नदीवर पाणीपुरवठा संस्था झाली आणि पाणी बारमाही झालं. लाईट रात्री असायची. मोटर चालू करायची, सरीला पाणी लावायचं आणि घरी येऊन झोपायचं. सकाळी बघावं तर पाणी खालच्या बांधावरून वाहत असायचं. उसावर ऊस, त्याचा खोडवा, त्या खोडव्याचा पुन्हा निडवा. वीस वर्षं रानानं सगळं सोसलं.

पहिल्यांदा खालच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं ते २००८ च्या उन्हाळ्यात. चार गुंठे असतील. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिथं शेणखताच्या चार गाड्या ओतल्या. पुढच्या वर्षी पांढरं दहा गुंठ्यांत पसरलं. उसाची उगवण विरळ, आलेला फुटवा पिवळा, पानांची टोकं करपलेली. मग लव्हाळा आला, मग पाणकणीस आलं, आणि शेवटी कडेनं वेडी बाभूळ. २०२०-२१ च्या हंगामात अडीच एकरांत मिळून ३५ टन ऊस निघाला, एकरी १४ टन. तोडणीवाल्यांनी हा फड आधी नाकारला होता, आणि त्यांचंही बरोबर होतं. एकदा वीटभट्टीवाल्याला विचारलं, वरची माती नेता का? त्यानं माती हातात घेतली आणि नको म्हणाला. अशा मातीच्या विटेला लोणा येतो. शेजारच्या चांगल्या रानाची माती मात्र तो न्यायला तयार होता, हे मला आजही बोचतं.

का होतं हे, ते मला कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात नीट समजलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं हे केंद्र आहे आणि क्षारपड जमिनीवर त्यांचं बरंच काम आहे. आमची काळी माती खोल आणि चिकट आहे. पाणी आत शिरतं, पण खाली आणि पुढं सरकायला फार वेळ घेतं. वरून पाणी येतच राहिलं की जमिनीतली पाण्याची पातळी वर वर चढते. ती तीन-चार फुटांवर आली की उन्हाळ्यात दिव्याच्या वातीनं तेल ओढावं तसं माती ते पाणी वर ओढते. पाणी उन्हानं उडून जातं आणि त्यातलं मीठ वरच राहतं. नदीचं पाणी गोडच आहे, पण त्यातही थोडे क्षार असतात. उसाला वर्षभर दोन-अडीच मीटर उंचीचं पाणी दिलं आणि निचरा झाला नाही, तर ते सगळे क्षार रानातच साठतात.

पाणी जास्त झालं हे सगळे मान्य करतात. पाण्याच्या जायच्या वाटा आपणच बुजवल्या, हे फार थोडे मान्य करतात. आमच्या शिवारात पूर्वी बांधाबांधानं चर होते, ते एका ओघळीला मिळायचे, ओघळ ओढ्याला आणि ओढा नदीला. उसाचा भाव बघून प्रत्येकानं चर नांगरून दोन-दोन सऱ्या वाढवल्या. आमच्या घरानंही वाढवल्या. मामांनी स्वतः चर बुजवला होता, ते त्यांनी मला शेवटच्या आजारपणात सांगितलं.

आता कामाबद्दल. मी आधी शिरोळ तालुक्यात जाऊन आले. तिथं श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यानं सभासदांना एकत्र करून गटानं निचऱ्याची कामं केली आहेत. ज्या रानात पूर्वी गुडघाभर लव्हाळा होता तिथं मी डोक्याच्या वर गेलेला ऊस पाहिला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला पाइप दाखवलाच नाही. ते मला थेट अर्धा किलोमीटर चालत घेऊन गेले आणि ओढ्यात पडणारं पाण्याचं तोंड दाखवलं. म्हणाले, "पोरी, बघायचं असंल तर हे बघ." मी बघितलं, मान हलवली, आणि घरी येऊन विसरले. त्याची किंमत मला एक वर्ष आणि साडेतेहतीस हजार रुपये पडली.

ठेकेदार आमच्या ओळखीतून मिळाला. माणूस वेळेचा पक्का, मजूर चांगले, बोलणं गोड. रानाचं माप ३६३ फूट बाय ३०० फूट. त्यानं ४० फुटांवर एक अशा ९ लॅटरल, म्हणजे रानातलं पाणी गोळा करणाऱ्या पाइपांच्या ओळी, आखल्या, प्रत्येक ३०० फूट लांब, ८० मिलिमीटर व्यासाची. खालच्या बांधाकडं या सगळ्यांचं पाणी घेऊन बाहेर नेणारा १६० मिलिमीटरचा कलेक्टर पाइप. वरच्या टोकाला खोली सव्वातीन फूट, खालच्या टोकाला चार फूट, म्हणजे ३०० फुटांत नऊ इंचांचा उतार. दर तीन लॅटरलींना एक चेंबर. पाइपाला नागमोडी वळ्या आणि बारीक छिद्रं असतात आणि त्यावर कापडासारखा फिल्टर गुंडाळलेला असतो, म्हणजे पाणी आत येतं आणि माती बाहेर राहते. पाच दिवसांत काम झालं. चर खणताना चार फुटांवर पाणी पाझरायला लागलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रान वरून भेगाळलेलं आणि खाली तळं.

पाइपाच्या दर्जाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गेल्या वर्षी एका जागी उकरून पाहिला, जसा घातला तसा आहे, दबलेला नाही. फिल्टरही शाबूत आहे. तक्रार आहे ती जोडांची. जिथं दोन बंडलं कप्लरनं जोडली तिथं फिल्टर दोन्ही बाजूंनी मागं सरकवला आणि तसाच सोडून दिला. चार-चार बोटं पाइप उघडा. मी त्याच दिवशी विचारलं होतं, तर मजूर म्हणाला, "एवढ्यानं काय होत न्हाई, वहिनी." झालं. तिसऱ्या आणि सातव्या लॅटरलीत गाळ भरला आणि पुढं चेंबरमधून पाण्याचा जोर देऊन त्या धुवाव्या लागल्या. तुमच्याकडं काम होईल तेव्हा चर बुजवायच्या आधी प्रत्येक जोड डोळ्यांनी बघा. जोडावर फिल्टरचा तुकडा गुंडाळून सुतळीनं बांधायला दोन मिनिटं लागतात.

मोठी चूक ती नव्हती. मोठी चूक पाण्याच्या तोंडाची.

ठेकेदारानं उंची-खोली मोजायची लेव्हल लावली ती फक्त आमच्या रानात. ओढ्याची लेव्हल घेतलीच नाही. कलेक्टरचं तोंड रानाच्या पाच फूट खाली आलं आणि ओढ्याचा तळ होता चार फूट खाली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानं ओढ्यात गाळ साठला होता आणि त्याच्या आधीपासूनच पुढं दोघांनी ओढा अर्धा बुजवून ऊस लावला होता. म्हणजे आमचं तोंड ओढ्याच्या तळापेक्षा फूटभर खोल. मी विचारलं तेव्हा ठेकेदारानं तोंडाजवळ खड्डा काढून दिला आणि म्हणाला, "पाणी आपली वाट आपण काढतंय, वहिनी. तुम्ही नुस्तं बघत ऱ्हावा." मी ऐकलं आणि शेवटचा हप्ता देऊन टाकला.

जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. ओढ्यातून पाणी उलटं आमच्या कलेक्टरमध्ये शिरलं आणि ओसरताना खड्डा गाळानं भरून गेलं. तोंड दिसेनासं झालं. नऊच्या नऊ लॅटरल पाण्यानं भरून बसल्या. मी रानात तीन ठिकाणी सहा फुटी पीव्हीसीचे तुकडे भोकं पाडून उभे पुरले होते, पाण्याची पातळी बघायला. त्यात काठी घालून मोजायचे. ऑक्टोबरमध्ये पातळी दीड फुटावर होती. पावणेदोन लाख रुपये जमिनीत घालून पाणी होतं तिथंच. त्या दिवाळीत मी कुणाशी धड बोलले नाही. ठेकेदाराला फोन केला तर त्यानं संप, म्हणजे पाणी साठवायचा हौद, बांधून मोटरीनं पाणी उपसायचा सल्ला दिला, त्याचा खर्च वेगळा. ज्यांच्या रानाला कुठंच उतार नाही त्यांना तो मार्ग घ्यावाच लागतो, मला माहीत आहे. पण आमच्या रानाला उतार होता. नदी मैलावर आणि बरीच खाली होती. मधला ओढा तेवढा बुजला होता.

मग मी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढला. त्यात ओढा दोन रेघांनी स्वच्छ दाखवलेला आहे, आमच्या बांधापासून डांबरी रस्त्याच्या मोरीपर्यंत. ९०० फूट. त्या ९०० फुटांत तिघांची रानं. एक आमचे चुलत दीर, दोन भावकीबाहेरचे. नकाशा घेऊन मी तिघांच्या दारात गेले. आत्ती ऐंशीच्या पुढच्या, पण त्या माझ्याबरोबर आल्या. चुलत दीर म्हणाले, "तुमचं पाणी आमच्या रानातनं कशाला?" आत्तींनी त्यांना एवढंच विचारलं, "तुझ्या लग्नाची वरात कुठल्या ओढ्यातनं आली होती, आठवतंय का?" त्या ओढ्यातून तेव्हा बैलगाडी जायची. दीर गप्प बसले. होकार यायला तरी फेब्रुवारी उजाडला. दोघांनी जेसीबीला वाट दिली, पैसे कुणी दिले नाहीत. जेसीबीचे २८ तास लागले, ताशी १,२०० रुपयांनी ३३,६०० रुपये. ओढा दोन फूट खोल झाला आणि आमचं तोंड तळाच्या फूटभर वर आलं. या वेळी लेव्हलवाला मी स्वतः वेगळा आणला, ठेकेदाराचा नव्हे. अर्ध्या दिवसाचे त्यानं १,५०० रुपये घेतले. सगळ्या खर्चात एवढे सार्थकी लागलेले पैसे दुसरे नाहीत, आणि ते मी मार्च २०२१ मध्ये पहिल्यांदा खर्च करायला हवे होते.

जून २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला आणि सकाळी मी तोंडाजवळ गेले. पाणी पडत होतं. चहासारखं तांबूस, अखंड. मी पंधरा लिटरची बादली लावली, ४० सेकंदांत भरली. खिशातल्या पेनासारख्या मीटरनं ईसी, म्हणजे पाण्यात क्षार किती ते सांगणारा आकडा, बघितला, ९ आला. नदीच्या पाण्याचा ०.४ येतो. ईसीच्या एका अंकाला लिटरमागं साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार धरतात. मी तिथंच बांधावर बसून मोबाईलवर हिशेब केला. दिवसाला ३२ हजार लिटर पाणी आणि त्यातून सुमारे १८५ किलो क्षार बाहेर. युरियाच्या चार पोत्यांएवढं मीठ, रोज. आत्तींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग एवढं आपण खात होतो व्हय?"

आता ठेकेदारानं न सांगितलेली दुसरी गोष्ट. मीठफुटीची सगळी रानं एकसारखी नसतात. नुसती क्षारयुक्त जमीन असेल तर पाइप आणि भरपूर गोडं पाणी एवढ्यावर ती सुधारते. आमची क्षारयुक्त-चोपण होती, म्हणजे क्षारांबरोबर सोडियमही जास्त असलेली. काम करायच्या आधीच्या माती परीक्षणात सामू (पीएच) ८.७, ईसी ७.४ आणि विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, २१ टक्के. सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल आणि तुम्ही नुसतं पाणी भरून क्षार धुतले, तर क्षार जातात आणि सोडियम मातीला चिकटून राहतं. मग मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि वर साचलेलं पाणी आठवडा झाला तरी खाली उतरत नाही. म्हणजे पाइप असूनही रान पहिल्यापेक्षा वाईट. वाळवा तालुक्यात असं बिघडलेलं रान मी पाहिलं आहे, आणि त्या शेतकऱ्यानं पाइपालाच दोष दिला होता.

यावर उपाय जिप्समचा. त्यातलं कॅल्शियम मातीवरच्या सोडियमला हटवतं आणि ते सोडियम पाण्याबरोबर पाइपातून निघून जातं. म्हणून आधी निचरा, मग जिप्सम, मग पाणी. हा क्रम उलटा केला तर जिप्सम वाया. किती टाकायचं ते माती परीक्षणातूनच ठरतं. आमची जेवढी गरज निघाली त्याच्या निम्मं टाकायला सांगितलं, ते एकरी दोन टन झालं. रानात पसरून वरच्या चार-पाच इंचांत कुळवानं मिसळलं, वाफे बांधले आणि पाणी तुंबवलं. आमच्याकडं शिराळ्यासारखा पाऊस नाही, नुसत्या पावसावर क्षार धुतले जात नाहीत. संस्थेच्या तीन पाळ्या मी या कामाला लावल्या. जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर जिप्समऐवजी गंधकही चालतं. जमिनीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्यानं चुनखडी विरघळून कॅल्शियम मोकळं होतं. पण त्याला वेळ लागतो.

पाण्याच्या पाळ्यांनंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरलं. धैंचा खारं सोसतो. पन्नास दिवसांनी फुलावर आला तेव्हा गाडला. पहिल्या वर्षी तो सगळीकडं सारखा आला नाही, मधला वीस गुंठ्यांचा पट्टा कमरेएवढाच राहिला. तिथं पुढच्या वर्षी पुन्हा जिप्सम टाकलं. रब्बीला गहू केला, एकरी ९ क्विंटल. २०२३ च्या खरिपात कसबे डिग्रजचंच फुले संगम सोयाबीन, केडीएस ७२६. ऑगस्ट कोरडा गेला तरी एकरी ८ क्विंटल झालं. नोव्हेंबरला पूर्वहंगामी ऊस लावला, फुले २६५. ती जात खारवट रान सोसते, आमच्या भागात बहुतेकांना हे माहीत आहे. को ८६०३२ ही दुसरी जात लावायचा मोह होता, आवरला. जानेवारी २०२५ मध्ये तोड झाली. अडीच एकरांत ११५ टन, एकरी ४६. १९९६ चे ५५ अजून आले नाहीत. पण ज्या फडाला तोडणीवाले नाही म्हणत होते त्या फडात त्यांची पोरं दोन दिवस उसाच्या सावलीत झोपली. मी तो फड तुटेपर्यंत रोज बांधावर बसून राहिले, घरची कामं आत्तींनी केली.

फेब्रुवारीत पुन्हा माती दिली. सामू ८.२, ईसी २.६, सोडियम ११ टक्के. चारच्या खाली ईसी आणि पंधराच्या खाली सोडियम म्हणजे कागदावर तरी आमचं रान आता क्षारपड राहिलं नाही.

वापरताना काय काळजी घ्यावी लागते, तेही सांगते, कारण हे काम एकदा करून विसरायचं नाही. तोंडाला जाळी हवीच, नाहीतर खेकडे आणि उंदीर आत शिरतात. चेंबरची झाकणं नांगरटीच्या वेळी फुटतात. आमची दोन फुटली, आता त्यांच्याभोवती दगड रचून वर काठीला लाल फडकं बांधलं आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, चेंबरमधला गाळ काढायचा. युरिया एकदम टाकला तर तो पाण्याबरोबर पाइपातून निघून जातो, म्हणून मी तो चार-पाच वेळा थोडाथोडा देते. आणि उन्हाळ्यात ईसी ताब्यात असेल तर मी तोंडाला टोपण लावून ठेवते, नाहीतर रान फार लवकर वाळतं आणि पाण्याच्या पाळ्या वाढतात. जूनच्या पहिल्या पावसाला टोपण काढायचं. हे टोपणाचं मला ठेकेदारानं नाही, शिरोळच्याच एका बाईनं सांगितलं.

आता आम्ही ठिबक केलं आहे. निचरा केला म्हणून पुन्हा रात्रभर सरीला पाणी सोडलं तर पुन्हा तेच. पण ठिबकात एक लक्षात ठेवावं लागतं. ओलीच्या कडेला मीठ जमतं, तिथं पांढरी कड दिसायला लागली की वर्षातून एखादं मोकळं पाणी देऊन ते खाली ढकलावं लागतं.

एका गोष्टीचं ओझं माझ्या मनावर आहे आणि अभिप्रायात ते लिहिलंच पाहिजे. आमचं मीठ जातं कुठं? ओढ्यातून कृष्णेत. पावसाळ्यात नदीला पाणी भरपूर असतं तेव्हा ते विरून जातं. पण मार्च-एप्रिलमध्ये ओढ्याला दुसरं पाणीच नसतं, तेव्हा ओढ्याकाठच्या विहिरींत ते उतरतं. खालच्या अंगाला एकाच्या विहिरीचा ईसी मी स्वतः मोजला, २.८ आला. म्हणून उन्हाळ्यातलं टोपण मी फक्त माझ्या रानासाठी लावत नाही.

माझं माहेर आटपाडी तालुक्यात, माणदेशात. त्याच सांगली जिल्ह्यात, पण तिथं मी लहानपणी डोक्यावर घागर घेऊन दीड मैल चालले आहे. लग्न ठरलं तेव्हा आईला एकाच गोष्टीचा आनंद झाला होता, लेक पाण्याच्या गावात चालली. त्या पाण्याच्या गावात मी पाण्यानंच मेलेलं रान बघितलं. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून आटपाडीपर्यंत गेलं आहे. माझ्या भावाचं डाळिंब मुरमाड माळावर आहे, तिथं पाणी थांबत नाही, त्याची मला काळजी नाही. पण त्याचं दोन एकर काळं रान ओढ्याच्या कडेला आहे आणि गेल्या वर्षी त्यानं त्यात ऊस लावला. मी त्याला फोनवर सांगितलं, "दादा, ऊस लाव नाहीतर काही लाव, पण बांधाकडचा चर बुजवू नकोस." तो म्हणाला, "अगं, चाळीस वर्षं पाण्याची वाट बघितली, आता पाणी घालवायचं शिकवतेस?" रक्षाबंधनाला मी गेले ती मीटर आणि पीव्हीसीचा भोकं पाडलेला तुकडा घेऊनच. तो तुकडा त्याच्या रानात पुरून आले आहे. दर महिन्याला काठी घालून किती ओली झाली ते तो मला फोटो काढून पाठवतो. सध्या पातळी साडेसात फुटांच्या खाली आहे.

पाचपैकी किती, असं लोक विचारतात. पाइपाला आणि फिल्टरला मी पूर्ण पाच देईन. पाच दिवसांत आखून, खणून, बुजवून दिलेल्या कामाच्या झपाट्याला चार. जोडांना दोन. तोंडाची लेव्हल न घेता शेवटचा हप्ता मागितला, त्याला काहीच देता येणार नाही. म्हणून ठेकेदाराशी बोलताना आधी विचारा, पाणी कुठं पडणार? तो रानात लेव्हल लावायला लागला तर त्याला आधी ओढ्यावर न्या. पैसे तीन हप्त्यांत ठरवा आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसात तोंडातून पाणी पडलेलं बघून द्या. माती परीक्षणाचा कागद न बघता जो दर सांगतो त्याला परत पाठवा. आणि एकट्यानं करू नका. चार शेजारी मिळून केलं तर ओढ्याचा खर्च वाटला जातो, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या दारात नकाशा घेऊन उभं राहावं लागत नाही.

चुलत दीर परवा घरी आले होते. त्यांच्या दीड एकरात यंदा पांढरं दिसायला लागलं आहे. त्यांना त्यांच्या लॅटरल माझ्या कलेक्टरला जोडायच्या आहेत. मी नाही म्हटलं. माझा १६० चा पाइप माझ्या अडीच एकरापुरताच आहे, त्यांचं पाणी आलं तर दोघांचंही तुंबेल. पण त्यांच्या बांधाखालूनच ओढा जातो, तोंड थेट तिथं काढता येईल. लेव्हलवाला मंगळवारी येतो आहे, तो आधी ओढ्यात उतरणार.